किंगरीवर जपलेला इतिहास

नागपूरच्या सदर भागातल्या रेसिडेन्सी रोडवर एखाद्या मोटारसायकलच्या किंवा जीपच्या मागे ‘जय सेवा’ लिहिलेले दिसते आणि त्याच्या बाजूला नुसताच एक आकडा असतो : ७५०. गाडीचा नंबर तर खाली वेगळा लिहिलेला असतो, मग हा आकडा कशाचा? नागपुरात जन्म काढलेल्या पुष्कळांना हे सांगता येत नाही. हा आकडा गोंडांच्या कुळांचा आहे. पारी कुपार लिंगो या आदिपुरुषाने समाजाची साडेसातशे कुळे पाडली आणि प्रत्येक कुळाकडे एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड राखायला दिले, अशी परंपरा आहे. त्या कुळाने आपल्या वाट्याचा प्राणी मारायचा नाही, पक्षी धरायचा नाही, झाड तोडायचे नाही. हिशेब केला तर सव्वादोन हजार जीव आणि झाडे कुणाच्या तरी राखणीत येतात. ७५० हा आकडा कुणी शिरगणती करून काढलेला नाही, तो परंपरेचा आहे. पण त्याच्यामागे जी कथा आहे ती पहिल्यांदा कागदावर उतरली ती याच नागपूर परिसरात, आणि छापून आली १८६६ साली.

हे काम स्टीफन हिस्लॉप याचे. सदरपासून जवळच असलेल्या हिस्लॉप कॉलेजमुळे त्याचे नाव नागपूरकरांच्या तोंडी रोज असते. १८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला, तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. धर्मप्रसारासाठी आलेला माणूस दगडांच्या नादी लागला. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने नागपूरच्या आसपासच्या खडकांतले जीवाश्म गोळा केले आणि त्यावर लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात लेख लिहिला. हिस्लोपाइट नावाचे खनिज त्याच्याच नावाचे. दगडांसाठी खेडोपाडी हिंडताना त्याला गोंड भेटले, त्यांची भाषा भेटली, आणि नागपूर परिसरातल्या एका परधानाने, म्हणजे गोंडांच्या भाटाने, त्याला लिंगोची गाथा गाऊन दाखवली. हिस्लॉपने ती गोंडी शब्दांतच लिहून घेतली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट येथे जुनी शिळावर्तुळे पाहायला गेला होता. तेथे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलही होते. रात्री बोरीकडे परतताना पावसाने फुगलेला नाला ओलांडताना तो बुडाला. घोडा रिकामाच परत आला, तेव्हा लोकांना कळले. त्याचे कागद टेंपल यांनी मागवले, संपादित केले आणि मध्य प्रांतातल्या आदिवासी जमातींविषयीचे टिपण-संग्रह म्हणून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्या पुस्तकात पाच भागांची लिंगोगाथा आहे, गोंडी मूळ आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही. मौखिक महाकाव्य मूळ भाषेत छापून आल्याच्या भारतातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक आहे, आणि ते आपल्या शहराचे आहे.

गाथेची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण मराठी वाचकाला ती शाळेत कधी भेटत नाही.

सृष्टीच्या आरंभी गोंड जन्मले आणि डोंगरादऱ्यांत पसरले. मिळेल ते खात, अंघोळीचे नाव नाही. त्यांच्या वासाने महादेव वैतागला. त्याने आपल्या अंगापासून एक खार निर्माण करून सोडून दिली. खार पाहताच गोंड काठ्या-दगड घेऊन तिच्यामागे धावले, खार एका गुहेत शिरली, तिच्यामागे सगळे आत शिरले, आणि महादेवाने गुहेच्या तोंडावर सोळा हातांची शिळा बसवून भस्मासुराला पहाऱ्यावर ठेवले. चौघे तेवढे मागे राहिले होते. ते जीव घेऊन पळाले ते काचीकोपा लोहागड नावाच्या दरीत पोचले. इकडे पार्वतीला चैन पडेना. आपले गोंड कुठे गेले म्हणून तिने उपवास मांडला. तिच्या तपाला उत्तर म्हणून एका फुलातून लिंगो जन्मला. उंबरावरच्या पोळ्यातला मध त्याच्या ओठांवर ठिबकत राहिला, त्यावर तो वाढला.

लिंगो त्या चौघा भावांना भेटतो आणि त्यांना माणूस करतो. झाडे तोडून जमीन मोकळी करायला, भात पेरायला शिकवतो. पीक उभे राहते, नीलगाईंचा कळप येऊन ते फस्त करतो. शिकार होते, पण भाजायला विस्तव नाही. विस्तव आहे तो रिकाड गवाडी नावाच्या राक्षसी म्हाताऱ्याच्या शेतात. धाकटा भाऊ तो चोरायला जातो, निखारा म्हाताऱ्याच्या अंगावर पडतो, म्हातारा जागा होऊन खायला धावतो. मग लिंगो स्वतः जातो. वाटेत तुंबा घेतो, त्याला बांबूची दांडी लावतो, आपल्याच केसांच्या तारा ताणतो आणि झाडावर बसून वाजवू लागतो. माणूसखाऊ म्हातारा नाचायला लागतो, मागोमाग म्हातारीही. गोंडांच्या इतिहासात शस्त्राने मिळालेला हा विजय नाही. विस्तव मिळाला तो वाद्यामुळे, आणि ही गोष्ट सांगणाराही हातात वाद्य घेऊनच बसलेला असतो.

म्हाताऱ्याच्या सात मुली चौघा भावांना दिल्या जातात, थोरल्या तिघांना दोन-दोन आणि धाकट्याला एक. लिंगो ब्रह्मचारी आहे. मुली त्याची थट्टा करतात, झोपाळ्याला झोके देतात, तो चिडून मुसळ घेऊन त्यांच्यामागे लागतो. त्या नवऱ्यांकडे खोटी तक्रार करतात. भाऊ शिकारीच्या मिषाने लिंगोला जंगलात नेऊन मारतात, डोळे काढतात आणि त्या डोळ्यांच्या गोट्या खेळतात. ज्याने भात दिला, विस्तव दिला, बायका मिळवून दिल्या, त्याचे हे! आपल्या पूर्वजांची अशी कृतघ्नता लपवून न ठेवता पिढ्यान्‌पिढ्या गात राहणारे समाज जगात फार नसतील. देवाचा कावळा अमृत आणतो, लिंगो उठतो, पण भावांकडे परत न जाता कोंडलेल्या गोंडांच्या शोधात निघतो. चंद्र-सूर्याला विचारतो. शेवटी महादेवाशी गाठ पडते. महादेव अट घालतो : बिंदो पक्ष्याची पिल्ले आणून दे. लिंगो समुद्रकाठी जातो, पिल्लांना गिळणाऱ्या भवरनागाला मारतो, पक्षी कृतज्ञतेने त्याच्यावर पंखांची सावली धरून त्याला परत आणतात. गुहेची शिळा हटते, गोंड मोकळे होतात.

मग पुराची नदी येते. मागे राहिलेल्या चौघांना सुसर पाठीवर घेते आणि मध्यधारेत बुडी मारते. कासव त्यांना वाचवते, पण आधी वचन घेते. पैलतीरी लिंगो कुळे पाडतो, देव नेमून देतो, एका वृद्धाला परधान करतो, लग्नाचे नियम घालून देतो, आणि जाताना एवढेच सांगतो की कासवाला दिलेला शब्द पाळा. मग दिसेनासा होतो.

बस्तरमध्ये याच लिंगोला लोक एकाच वेळी अठरा वाद्ये वाजवणारा म्हणून ओळखतात आणि गोटुल, म्हणजे गावचे सभाघर, त्याने सुरू केले असे मानतात. महाराष्ट्र-मध्य प्रदेशच्या सीमेवर गाथेचे वेगळेच रूप आहे. तेथे कोंडलेली मुले कली कंकालीची, त्यांना सोडवण्याची तळमळ जंगो रायताडची, आणि शिळा हलते ती हिरासुका पाटालीर या वादकाच्या किंगरीने. शिळा गडगडते तेव्हा तो स्वतः तिच्याखाली सापडतो. ही गुहा गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातली कचारगड होय. दर माघ पौर्णिमेला तेथे जत्रा भरते. १९८० च्या दशकापासून ती संघटितपणे भरू लागली आणि आता अनेक राज्यांतून माणसे येतात. ही दोन रूपे एकमेकांत बसवण्याचा खटाटोप काही अभ्यासक करतात. तो करू नये असे मला वाटते. हिस्लॉपच्या पाठात महादेव-नारायणाचा जो भरणा आहे तो शेजारच्या धर्माचा परिणाम आहे, हे उघडच दिसते. कचारगडच्या पाठात आजच्या समाजाची आत्मशोधाची इच्छा दिसते, तीही तितकीच उघड आहे. मौखिक परंपरा जिवंत असते म्हणजे हेच.

१८६६ च्या पुस्तकाचे पुढे काय झाले, ही कहाणी गमतीची आहे आणि थोडी चीड आणणारीही. फिनलंडमध्ये एलियास ल्योनरोट याने खेडोपाडीच्या गायकांकडून गीते जमवून १८३५ मध्ये ‘कालेवाला’ सिद्ध केले. ते त्या देशाचे राष्ट्रीय महाकाव्य झाले. त्याचे वृत्त अमेरिकन कवी लाँगफेलोने उचलून १८५५ मध्ये ‘हायावाथा’ लिहिले. आणि कॅप्टन जेम्स फोर्सिथ या वनाधिकाऱ्याने १८७१ च्या आपल्या पुस्तकात हिस्लॉपची लिंगोगाथा इंग्रजी पद्यात उतरवली, तीही ‘हायावाथा’च्या वृत्तात! म्हणजे फिनलंडच्या खेड्यातला ठेका अमेरिकेला वळसा घालून गोंडांच्या लिंगोला येऊन चिकटला. कालेवालावर फिनलंडची शाळकरी मुले वाढतात. लिंगोगाथा मात्र रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जाति-जमातींच्या ग्रंथात सारांशरूपाने गेली आणि तळटिपांत विसावली.

आता गाणाऱ्याकडे वळू, कारण खरे आश्चर्य गाथेपेक्षा ती टिकवणाऱ्या व्यवस्थेत आहे.

परधान हा गोंडांचा भाट, पुजारी आणि दप्तरखाना. प्रत्येक गोंड घराण्याचे परधान घराणे ठरलेले असते. तिकडे मंडल्याच्या बाजूला परधान आपल्या यजमानाला ठाकूर म्हणतो आणि साधारण दर तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे जातो. या फेरीला मंगतेरी म्हणतात. अंगणात बसून तो बाना वाजवतो, बडादेवाला जागवतो आणि त्या घराण्याची उत्पत्ती, पूर्वज, राजे, लढाया गातो. त्याबद्दल धान्य, कापड, सुगीच्या वर्षी जनावरही मिळते. ही भीक नव्हे, हक्क आहे. यजमानाने टाळले तर त्याची बदनामी आणि परधान आला नाही तर यजमानाचा देव उपाशी, अशी दुहेरी बांधणी. घोड्याच्या केसांच्या तीन तारांचा बाना आणि विदर्भात जास्त ओळखीची असलेली किंगरी ही नुसती वाद्ये नाहीत, देव त्यांतच राहतो.

मंडल्याकडे सांगतात की गोंड सात भाऊ होते. बडादेव पांढऱ्या घोड्यावरून आला तेव्हा त्यांनी त्याला ओळखले नाही. मग धाकट्याने बाना करून वाजवला आणि देव साजाच्या झाडावर, म्हणजे आपल्या ऐनावर, उतरला. धाकट्याचे वंशज परधान. तरीही गोंड परधानाला आपल्या पंगतीला बरोबरीचा मानत नसत. धाकटा भाऊ, पण जेवताना बाजूला. देव त्याच्याशिवाय जागा होत नाही आणि ताट मात्र वेगळे! हे दुखणे आपल्याकडे फक्त गोंडांचे आहे असे समजण्याचे कारण नाही.

या परधानांवर पहिले सविस्तर पुस्तक लिहिले ते शामराव हिवाळे यांनी, १९४६ मध्ये. मराठी माणूस, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून बाहेर पडून व्हेरिअर एल्विन यांच्याबरोबर १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या करंजिया येथे गेलेला. एल्विन जगप्रसिद्ध झाले. दवाखाने, शाळा आणि माणसांची मने सांभाळणारे हिवाळे मराठीतही कुणाला फारसे आठवत नाहीत.

परधानांची सर्वांत चकित करणारी गोष्ट आदिलाबादकडे, म्हणजे आपल्या किनवट-पांढरकवड्याला लागून, दिसते. तेथल्या राजगोंडांवर ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात काम केले. तेथे परधानांच्या घरची भाषा मराठी, आणि गोंडांचा सगळा पुराण-इतिहास ते गोंडीत गातात, असे त्यांनी नोंदवले आहे. स्वयंपाकघरात मराठी आणि देवापुढे गोंडी. दुसऱ्याच्या भाषेतला इतिहास, दुसऱ्याच्या वतीने, तोंडपाठ ठेवण्याचे हे काम मराठी बोलणारी माणसे करत आली आहेत. पश्चिम आफ्रिकेत ग्रिओ नावाचे वंशपरंपरागत भाट सुंदियाता राजाची गाथा सांगतात आणि त्यांच्यावर जगभर ग्रंथ लिहिले जातात. किनवटच्या पलीकडच्या परधानाची दखल मात्र आपण तेवढी घेतली नाही. त्याच जिल्ह्यात निजामाच्या नोकरीत असताना सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, ही बाजू झाकलेलीच राहते.

मौखिक इतिहास खरा किती? प्रश्न रास्त आहे. देवगडच्या गोंड राज्याचा संस्थापक जाटबा. गोष्ट अशी की तो रणसूर आणि घनसूर या गवळी राजांकडे चाकरीला होता. त्याला लाकडी तलवारीने रेडा मारायला सांगितले, देवीच्या कृपेने तलवार लोखंडाची झाली, जाटबाने रेडा मारला आणि राज्य घेतले. लाकडाची तलवार सोडून द्या. जाटबा मात्र खरा. अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’त त्या भागातला बलाढ्य गोंड जमीनदार म्हणून त्याची नोंद आहे. याच घराण्यातल्या बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये राजापूर बारसा म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवले. त्याचा वारस चांद सुलतान याच्या मृत्यूनंतर वारसाहक्काच्या भांडणात राणी रतन कुंवरने रघूजी भोसल्यांना बोलावले आणि मराठ्यांचा शिरकाव झाला. सदर, रेसिडेन्सी वगैरे त्यानंतरचे, इंग्रज रेसिडेंटांच्या काळातले.

गवळी राजांचे काय? टाकळघाटला जी शिळावर्तुळे हिस्लॉप पाहायला गेला, तशी शेकडो वर्तुळे नागपूरच्या आसपास आहेत. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीलाच सुमारे तीनशे मोजली गेली आहेत. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने तेथे खोदकाम केले तेव्हा आसपासच्या लोकांनी ती गवळ्यांची म्हणून सांगितली. पुढे शां. भा. देव यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी माहुरझरी, नैकुंड येथे उत्खनने केली. घोड्याचे साज, लोखंडाची हत्यारे निघाली, लोहयुगातल्या, ख्रिस्तपूर्व काळातल्या दफनांची ही जागा ठरली. जाटबाच्या आधीचे ‘गवळी राज्य’ आणि ही अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसे एकच, असे कुणीही म्हणणार नाही. पण आपल्या आधी येथे कुणीतरी होते, आणि ते जनावरे राखणारे होते, हे गोंडांच्या आठवणीने सोडले नाही.

चंद्रपूरची कथा मात्र मला तितकी पटत नाही. खांडक्या बल्लाळशाहच्या कुत्र्याच्या मागे ससा लागला आणि तेथे राजाने शहर वसवले, ही गोष्ट अहमदाबादलाही सांगतात आणि विजयनगरलाही. असा ससा भारतभर पळतो.

इतिहास फक्त गाण्यात नसतो, गावाच्या रचनेत असतो. गोंड गावात लग्न ठरवताना पत्रिका पाहत नाहीत, देव मोजतात. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे सगे असतात. ज्यांच्या देवांची संख्या एक ते सगळे भाऊबंद. सातदेव्याने सातदेव्यात लग्न करायचे नाही, मग आडनावे कितीही वेगळी असोत. लिंगोने कुळे कशी पाडली ते ज्याला माहीत नाही त्याला मुलीचे लग्नही ठरवता येत नाही. गाथा टिकण्याचे सर्वांत पक्के कारण हेच असावे. ती विसरली तर संसार अडतो.

कुळाचा मोठा देव तो परसा पेन, हिस्लॉपच्या पाठातला फरसा पेन. भाल्याचे पाते, चवर आणि घुंगरे हे त्याचे रूप. ते गावात ठेवत नाहीत, गावाबाहेर झाडावर जपतात, आणि ठरलेल्या दिवसांत काढून नदीवर न्हाऊ घालतात. मेलेला माणूस या परसा पेनात मिसळतो. ते मिसळवण्याचा विधी परधानाशिवाय पुरा होत नाही, म्हणून मयताची वस्त्रे त्याच्याकडे जातात. भामरागडच्या माडिया गोंडांत मृताच्या नावाने दगड उभा करतात. रस्त्याकडेला असे उभ्या दगडांचे गट दिसतात. लोहयुगातली शिळावर्तुळे नागपूरजवळ आहेत, आणि शे-दोनशे मैलांवर दगड उभारण्याची प्रथा अजून चालू आहे. या दोहोंना थेट जोडण्याचा मोह आवरावा लागतो.

वर्ष पंडुमांनी बांधलेले असते. पंडुम म्हणजे सण. बी पेरण्याआधी विज्जा पंडुम, आंब्याला मर्का पंडुम. पंडुम झाल्याशिवाय नवे आंबे खायचे नाहीत, मग झाडाखाली कितीही पडोत. गावचा पुजारी पहिले फळ पूर्वजांना देतो, त्यानंतर बाकीच्यांनी हात लावायचा. या नियमाने फळ पिकेपर्यंत झाडावर राहते आणि बी जमिनीत पडते. चैत्रात मोहाची फुले रात्री गळतात. पहाटे, ऊन चढायच्या आत, बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. कोणते झाड कुणाचे, हे कागदावर नसते पण सर्वांना माहीत असते. फुले वाळवून साठवायची, उन्हाळ्या-पावसाळ्याच्या टंचाईत तीच खायची, देवाला त्यांचीच दारू. पुढे मोहाच्या टोळीचे तेल. तेंदूपाने, चारोळी, डिंक हे बाजाराचे, मोह घरचा.

गोटुल हे गावचे सभाघर. एल्विन यांनी १९४७ मध्ये मुरियांच्या गोटुलवर पुस्तक लिहिले आणि बाहेरच्या जगाने त्यातले तरुण-तरुणींचे प्रकरण तेवढे चवीने वाचले. प्रत्यक्षात गाणी, नाच, शेतीकाम, भांडणतंटे मिटवणे आणि गावाच्या गोष्टी तरुणांच्या कानी घालणे हे सगळे तेथेच होत असे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गावाने गोटुलाच्या परंपरेतून ग्रामसभा उभी केली, सगळ्यांच्या एकमताने निर्णय घ्यायचा असा दंडक घातला आणि वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत आपले नाव नोंदवले. २०११ मध्ये बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष हाती आला. त्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिला संस्कार गोटुल हेच नाव दिले.

शहरात आलेल्या गोंडांनीही हे काम सोडले नाही. रामटेक तालुक्यात जन्मलेले मोतीरावण कंगाली नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करत आणि उरलेला सगळा वेळ गोंडीला देत. व्याकरण, शब्दकोश, लिंगोच्या पुनेमावरचे, म्हणजे धर्ममार्गावरचे, ग्रंथ त्यांनी लिहिले. २०१५ मध्ये ते गेले. सिंधुलिपी गोंडीत वाचता येते हा त्यांचा दावा भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारलेला नाही आणि मलाही तो पटत नाही. पण गावोगाव फिरून त्यांनी जे टिपून ठेवले त्याची किंमत त्यामुळे कमी होत नाही. व्यंकटेश आत्राम यांचे ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’ आणि उषाकिरण आत्राम यांची कविता यांनी हा ऐवज मराठीत आणला. परधान घराण्यातल्या जनगडसिंह श्याम यांनी गाण्यातले देव भिंतीवर आणि कागदावर रंगवले, आणि त्या शैलीला जगाने गोंड चित्रकला म्हणून ओळखले. बाना वाजवणारे हात कुंचल्याकडे वळले. यजमान गरीब झाले, मंगतेरीत धान्य मिळेना, हे त्यामागचे साधे कारण.

लिपीचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बालाघाटचे मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. आदिलाबादच्या गुंजाला गावात वेगळ्याच लिपीतली जुनी हस्तलिखिते सापडली. दोन्ही लिप्या २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आल्या. म्हणजे मोबाइलवर गोंडी तिच्या स्वतःच्या अक्षरांत लिहिता येते, तेही दोन प्रकारांनी.

आणि गोंडांचे नाव तर सगळ्या जगाच्या भूगोलात आहे. हेन्री मेडलिकॉटने १८७२ मध्ये मध्य भारतातल्या खडकांच्या थरांना गोंडवाना म्हटले आणि १८८५ मध्ये एडुआर्ड स्यूसने दक्षिण गोलार्धातल्या एकेकाळच्या अखंड भूखंडाला तेच नाव दिले. अंटार्क्टिकावर काम करणारा शास्त्रज्ञही हे नाव उच्चारतो.

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाख ८४ हजार लोक होते. मणिपुरी १७ लाख ६१ हजार, बोडो १४ लाख ८२ हजार, संस्कृत २४ हजार ८२१. या तिन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. गोंडी नाही.